घरच्या संगणकाचा कारभारी

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येक सभासद भगिनीने काही ना काही लिहून दिलेच पाहिजे, असे अध्यक्षाबाईंनी आषाढातल्या सभेत सांगितले, तेव्हा मी मनाशी म्हटले, आपले शिक्षण सातवीपर्यंतचे; आपण फार तर एखादी पाककृती द्यावी आणि मोकळे व्हावे. पण त्या म्हणाल्या, "पाककृती चौदा आल्या आहेत. तुम्ही संगणकाचे लिहा. त्याच्यापायी वर्षभर मंडळात जो वाद झाला, तो तुम्हीच निस्तरलात." वाद मी निस्तरला असे माझे म्हणणे नाही. परंतु तो कशावरून झाला, आणि संगणकात आपले मराठी अक्षर कसकसे येत गेले, याची जी माहिती त्या निमित्ताने मी गोळा केली, ती भगिनींपुढे ठेवते. काही माझ्या पुतण्याने सांगितले, काही मी स्वतः वाचले. चूकभूल द्यावी घ्यावी.

वाद असा की, मंडळाच्या खोलीतला संगणक २०१४ सालचा. त्याच्यात विंडोज १० होते. या विंडोज १० ला कंपनीकडून ज्या सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत, त्या १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाल्या. जे नाव नोंदवतील त्यांना आणखी एक वर्षाची मुदत मिळाली, एवढेच. पुढचे विंडोज ११ हे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी निघाले होते. पण त्याला यंत्रात एक विशिष्ट सुरक्षा-चिप आणि त्यामानाने नवे यंत्र लागते. आमचे यंत्र त्यात बसेना. मग निम्म्या भगिनी म्हणू लागल्या, नवा संगणक घ्या. आणि निम्म्या म्हणू लागल्या, तीस-पस्तीस हजार रुपये म्हणजे दिवाळीच्या फराळाची सगळी कमाई, ती एका पेटीत घालावयाची काय? तेवढ्यात माझा पुतण्या म्हणाला, "काकू, यंत्र चांगले आहे. त्याचा कारभारी बदला."

कारभारी हा शब्द त्याचाच, आणि मला तो फार पटला. शाळेच्या पुस्तकात याला कार्यप्रणाली म्हणतात. एखाद्या मोठ्या वाड्यात पाणी कोठून येते, कोठीची किल्ली कोणाकडे, आल्यागेल्याला कोठे बसवावयाचे, हे सगळे जसे कारभारी पाहतो, तसे संगणकाच्या आत हा पाहतो. आपण पत्र लिहितो, हिशेब मांडतो, फोटो पाहतो, ती सारी कामे त्याच्या हुकमाने चालतात. विंडोज हा एक कारभारी. अॅपलच्या यंत्रांचा त्यांचा स्वतःचा कारभारी असतो. लिनक्स हा आणखी एक. आपल्याकडे मात्र दुकानदार जो घालून देई तोच कारभारी, आणि तो बहुतेक विंडोजच असे. म्हणून विंडोज म्हणजेच संगणक अशी पुष्कळांची समजूत झाली. माझीही होती. निवड करता येते हेच मुळी ठाऊक नव्हते.

आता थोडे मागे जाते. घरगुती संगणकाची चाल १९८१ साली अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या यंत्राने पडली, आणि त्याचा कारभारी होता मायक्रोसॉफ्ट कंपनीचा डॉस. या डॉसला इंग्रजी तेवढे येई. काळ्या पाटीवर इंग्रजी हुकूम लिहावयाचे आणि इंग्रजीतच उत्तर वाचावयाचे. देवनागरीला तेथे जागाच नव्हती. आपल्याकडे कानपूरच्या आय.आय.टी.त मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली निघाली आणि ते काम तिच्याकडे आले. संगणकाच्या पोटात एक जादा पाटी बसवावयाची, तिला जिस्ट कार्ड म्हणत. ते बसवले की त्याच डॉसवर देवनागरी, बंगाली, तमिळ अक्षरे उमटत.

आपण लोणावळ्याची माणसे. हे मी आपल्या घाटावरून सांगते. मुंबईहून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने लावतात, ती तिला ढकलत लोणावळ्यापर्यंत वर आणतात, आणि येथे ती सोडवून घेतात. गाडीच्या स्वतःच्या इंजिनाला तो चढ एकट्याने झेपत नाही. जिस्ट कार्ड हे तसे मागून लावलेले इंजिन होते. इंग्रजी यंत्राला मराठीचा घाट त्याने चढवून दिला. पण ज्याच्याकडे कार्ड नाही त्याला मराठी नाही, असा तो मामला होता. घरात बसणाऱ्या बाईपर्यंत तो कोठून पोचणार?

१९९१ हे साल मात्र मोठे योगाचे. त्या वर्षी भारतीय भाषांच्या अक्षरांना संगणकात क्रमांक देण्याची पद्धत भारतीय मानक ब्युरोने मान्य केली. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तीत देवनागरीला १२८ जागा मिळाल्या, आणि त्या आपल्याच देशातल्या आधीच्या पद्धतीवरून घेतलेल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक कारभारी हौसेखातर लिहीत आहोत असे जाहीर केले. तोच पुढे लिनक्स झाला. आणि पुण्यात सी-डॅकने आपला परम महासंगणक पुरा केला तोही १९९१ सालीच. मी तेव्हा पाचवीत होते. आमच्या शाळेत घड्याळसुद्धा एकच होते.

लिनक्सच्या आधी १९८३ साली अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी एक चळवळ सुरू केली होती. तिचे म्हणणे असे की, संगणकाची आज्ञावली कोणालाही उघडून पाहता, बदलता, आणि शेजाऱ्याला देता आली पाहिजे. इंग्रजीत यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ मोफत असाही होतो आणि मोकळा असाही होतो, त्यामुळे त्यांना जन्मभर खुलासा करीत बसावे लागले. आपल्या मराठीत मोफत वेगळे आणि मुक्त वेगळे. आपल्याला ते चटकन समजते. शेजारणीने लोणचे फुकट दिले ते मोफत. लोणच्याची कृतीच दिली, आणि म्हणाली, तुमच्या घरच्या चवीप्रमाणे तिखट कमी-जास्त करा आणि वाटेल तिला सांगा, तर ते मुक्त.

पण आपल्याकडे मधल्या काळात निराळेच घडले. १९९२ चे विंडोज ३.१ आणि १९९५ चे विंडोज ९५ आल्यावर पडद्यावर सुंदर अक्षरे दिसू लागली, आणि मराठी फॉन्टांचे पेव फुटले. छापखाने, वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका करणारे, सगळे फॉन्ट वापरू लागले. त्यात एक मेख होती. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र चिकटवावयाचे, अशी ती युक्ती. संगणकाला वाटे आपण इंग्रजीच लिहीत आहोत. फक्त डोळ्यांना मराठी दिसे. आणि कोणत्या इंग्रजी अक्षरावर कोणते मराठी चित्र, हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलेले. तेव्हा एका फॉन्टात लिहिलेले दुसऱ्यात उघडले की सगळा काला. एका छापखान्यात केलेला मजकूर दुसऱ्या छापखान्याला वाचता येत नसे. त्यात आपले मराठी छपाईचे रूप फार देखणे झाले हे खरे. परंतु खाली पाया नव्हता.

या पायाची किंमत आपल्या मंडळाने मोजली, म्हणून हे इतके लांबवून सांगते आहे.

जुन्या सभासदांना आठवत असेल, आंदर मावळातल्या एका आजींकडून आपण जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी मावळ-मुळशीपासून आरंभ करून गावोगावच्या बायांच्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली, आणि २०१७ पासून त्या 'परी' या संकेतस्थळावर सर्वांना ऐकावयास मिळू लागल्या. त्यांच्या कामाबद्दल ऐकूनच आपल्याला ही बुद्धी झाली होती. आपल्या ओव्या ३१२. दोन वह्या भरल्या. २००९ साली त्या आपण वर्गणी काढून बाहेर संगणकावर टाइप करून घेतल्या, आणि त्या वेळी सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला की आता त्या कायमच्या राहिल्या. आजी २०१२ साली गेल्या. २०१९ च्या पावसात मंडळाच्या खोलीचे कपाट गळतीखाली आले आणि वह्यांचा लगदा झाला. लोणावळ्याचा पाऊस काय असतो हे येथे सांगावयास नको. तरी आम्ही निर्धास्त. संगणकात आहेत ना!

गेल्या वर्षी ती फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांची आणि उद्गाराची चिन्हे, यांची नुसती भरताड. एक शब्द मराठी नाही. ज्या फॉन्टात ते टाइप केले होते तो फॉन्ट टाइप करणाऱ्यांच्या यंत्रावर होता, आपल्या यंत्रावर नव्हता. आणि तो चालवणारी जुनी आज्ञावली नव्या विंडोजवर चालेना. सेक्रेटरीबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मला त्या क्षणी कार्ल्याची लेणी आठवली. एकवीरेला जाताना आपण सगळ्या ती पाहतो. तेथल्या दगडावर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. वैजयंतीच्या भूतपाल शेठीने हे शैलगृह पुरे केले असेही कोरले आहे. अक्षरे दीड-दोन हजार वर्षे जागच्या जागी होती, पण ती ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नव्हते. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप या इंग्रजाने तिची किल्ली लावली तेव्हा दगड बोलू लागले. आमच्या ओव्या तर पंधरा वर्षांतच लेण्यात जाऊन बसल्या होत्या.

पुतण्याने किल्ली शोधली. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या आज्ञावल्या मिळतात. त्यातल्या एकीने आमची फाइल बदलली. तरी सगळे सरळ झाले नाही. कारण जुन्या पद्धतीत टाइपरायटरप्रमाणे ऱ्हस्व वेलांटी आधी मारीत आणि मग अक्षर. युनिकोडमध्ये जसे उच्चारतो तसे, आधी अक्षर आणि मग वेलांटी. त्यामुळे जोडाक्षरे आली तेथे वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसल्या. 'ऱ्य' जेथे जेथे होता तेथे चौकोन आले. मी आणि सेक्रेटरीबाई श्रावणभर दुपारी बसून एकेक ओवी वाचीत होतो. वाचता वाचता चाल आठवली की शब्द सापडे.

आता विंडोजने युनिकोड कधी घेतले, तर २००० सालच्या विंडोजपासून देवनागरी त्याच्या अंगातच आली. त्याबरोबर येणारा मंगल हा फॉन्ट मुंबईच्या आय.आय.टी.त शिकवणारे कवी आणि सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या हाताखाली घडला. पुढच्या विंडोज एक्सपीत मराठी होते, पण झोपलेले; सीडी घालून ते जागे करावे लागे, आणि हे कोणाला माहीत नसे. 'अॅ' हे आपले अक्षर एकाच चिन्हाने लिहिण्याची सोय युनिकोडमध्ये २००८ साली झाली. लिनक्सच्या बाजूला मराठीचे काम पुष्कळसे आपल्याच माणसांनी केले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फॉन्ट रेडहॅट कंपनीने २००४ साली सर्वांना मुक्त केले. उबुंटू नावाचे लिनक्स त्याच वर्षी निघाले, आणि २०११ पर्यंत त्याच्या सीड्या मागेल त्याला टपालाने फुकट घरपोच येत. सी-डॅकने २००७ साली बॉस नावाचे भारतीय लिनक्स काढले. केरळात तर सरकारी शाळांतली मुले लिनक्सवरच शिकतात. आपल्याकडे एमएस-सीआयटीचा वर्ग केलेल्या मजसारख्या बायकांचा हात विंडोजवर बसला. त्यात वाईट काही नाही, त्या वर्गामुळेच मी उंदीर धरावयास शिकले. पण एकदा हात बसला की माणूस दुसरीकडे पाहत नाही.

सभेत हेच सगळे सांगितले. एका भगिनीने विचारले, "लिनक्स म्हणजे काहीतरी अवघड, इंजिनियर लोकांचे, असे ऐकले आहे." मी त्यांना त्यांचा फोन काढावयास सांगितला. अँड्रॉइडच्या फोनात मुळाशी लिनक्सच आहे, २००८ साली पहिला फोन निघाला तेव्हापासून. त्या पाच वर्षे लिनक्स चालवीत होत्या आणि त्यावर नातवाला गोष्टी दाखवीत होत्या.

आम्ही एकदम काही बदलले नाही. लिनक्स मिंट हे २००६ साली निघालेले लिनक्स पुतण्याने पेन ड्राइव्हवर आणले. यात मला आवडलेली सोय अशी की, यंत्रातले काहीही न पुसता ते पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. पसंत नसेल तर पेन ड्राइव्ह काढा, जुने घर जसेच्या तसे. मुलगी पाहावयास गेल्यासारखे आम्ही आठ दिवस ते पाहिले. प्रत्येकीने आपले काम करून पाहावे असे ठरले. बचत गटाचा हिशेब लिब्रेऑफिसमध्ये उघडला. पत्रे झाली. यादी छापून निघाली. छपाईयंत्र चालले, पण त्याच्यातूनच कागदाचा फोटो घेण्याची सोय तीन दिवस चालेना, मग चालली. मराठी टाइप करण्यास इन्स्क्रिप्टची कळपाटी त्यात आहेच. ही कळपाटी सरकारने १९८६ साली ठरवली. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने. सर्व भारतीय लिप्यांना तीच, आणि विंडोजवरही तीच, म्हणून कारभारी बदलला तरी हात बदलावा लागत नाही. मला ती शिकावयास तीन आठवडे लागले. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी लिहिण्यापेक्षा ती बरी, असे माझे ठाम मत आहे. आपले नाव आपण परक्या स्पेलिंगने का लिहावे?

मतदानात ११ विरुद्ध ६ असे लिनक्स आले. ज्या सहा विरुद्ध होत्या त्यांचे एक म्हणणे बरोबर होते, ते नोंदवते. पुतण्या उद्या नोकरीला बंगळुराला गेला तर बिघाड कोण पाहणार? विंडोज दुरुस्त करणारे लोणावळ्यात, तळेगावात गल्लीबोळात आहेत. याला मजजवळ पुरे उत्तर नव्हते. तोडगा असा निघाला की, मंडळातल्या दोन तरुण भगिनींनी ते यंत्र पुसून पुन्हा बसवणे आपल्या हाताने करून दाखवावे, मगच ठराव कायम. दोघींनी एका दुपारी ते केले. तेव्हापासून ठराव कायम आहे.

आमच्या स्वतःच्या घरी मात्र विंडोजच आहे, हे मोकळेपणाने सांगते. यांचा चिक्कीचा घाऊक धंदा. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर सगळा हिशेब टॅलीत असतो, आणि टॅली विंडोजवरची. मी भीत भीत म्हटले, "अहो, आपणही बदलू या का?" तर हे म्हणाले, "तुमच्या ओव्यांचे तुम्ही पाहा, माझ्या शेंगदाण्याच्या पावत्यांत हात घालू नका." ते खरेच होते. धंद्याची आज्ञावली ज्या कारभाऱ्यावर चालते तोच कारभारी घरात ठेवला पाहिजे. तेथे हौस कामाची नाही. आम्ही नवा संगणक घेतला, विंडोज ११ चा. पण मी एक अट घातली: जुन्या दुकानदाराने २०१४ साली जशी चोरीची प्रत घालून दिली होती तशी आता नको, पावती असलेली रीतसर हवी. सासूबाई म्हणाल्या, "चोरीच्या तांदळाचा नैवेद्य दाखवतात का कोणी?" त्यांच्यापुढे कोणी बोलले नाही.

विंडोज एक्सपी ८ एप्रिल २०१४ रोजी संपले, विंडोज ७ हे १४ जानेवारी २०२० रोजी, आणि १० चे वर सांगितलेच. लिनक्स मिंटच्याही प्रत्येक आवृत्तीला काही वर्षांचेच आयुष्य असते, मग पुढची घ्यावी लागते, फक्त तिला दाम पडत नाही. म्हणून आम्ही ठरवले की, मंडळाचा कोणताही मजकूर युनिकोडमध्येच लिहावयाचा. बाहेर टाइप करून घेतला तरी तोच आग्रह धरावयाचा. प्रत दोन ठिकाणी ठेवावयाची, एक अध्यक्षाबाईंच्या घरी. आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला, प्रत्येक फाइल उघडून वाचून पाहावयाची. ही स्मरणिकाही युनिकोडमध्ये टाइप झाली आहे. छापखान्याने आधी नाही म्हटले होते, मग केली.

आता ओव्यांचे. ३१२ पैकी २९३ ओव्या पुऱ्या वाचता आल्या. उरलेल्या १९ ओव्यांत कोठे एक शब्द, कोठे अर्धी ओळ लागत नाही. त्यातल्या बऱ्याच भावाच्या ओव्या आहेत, दोन वडगावच्या बाजाराच्या, एक आगगाडीची. आजींच्या बरोबर दळलेल्या दोघीजणी नाणे मावळात आहेत असे कळते. त्या १९ ओव्या मोठ्या अक्षरात छापून मंडळाच्या खोलीत भिंतीला लावल्या आहेत, गाळलेल्या जागा मोकळ्या ठेवून. ज्या भगिनींना त्या येत असतील, किंवा ज्यांच्या आईला, सासूला येत असतील, त्यांनी गुरुवारी दुपारी तीननंतर यावे. मी आणि सेक्रेटरीबाई तेथे असतो.